'झालं' आणि 'केलं' : शनिवारच्या सरावाच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

ऑफिसात स्वतःच्या कामाबद्दल आणि पगाराबद्दल ठामपणे बोलायचा सराव करायला जागा मिळाली. पुण्यात वाकडमधल्या आमच्या सोसायटीचं क्लब हाउस, दर शनिवारी दुपारी ४ ते ६. शेजारच्या हॉलमध्ये त्याच वेळेला झुंबा असतो, म्हणजे मोकळ्या आवाजात बोलावं लागणार. आपल्याला तेच हवंय.

नऊ जणी तयार झाल्या. सगळ्या हिंजवडी, बाणेर आणि खराडीतल्या आयटी कंपन्यांमधल्या. दोघी टेस्टिंगमध्ये, तिघी डेव्हलपर, एक डेटा इंजिनिअर, एक प्रॉडक्टमध्ये, एक सपोर्टमध्ये रात्रपाळी करणारी आणि एक नोव्हेंबरात बाळंतपणाच्या रजेवरून कामावर परतलेली.

हे कशासाठी करतेय ते एकदा लिहून ठेवते. सतरा वर्षांच्या नोकरीत पगाराबद्दल मी दोनदाच तोंड उघडलं. पहिल्या वेळी वाक्य अर्ध्यावर सोडलं, "असो, बघा तुम्ही" म्हटलं आणि उठून आले. दुसऱ्या वेळी आदल्या रात्री नवऱ्याला समोर बसवून तेच एक वाक्य वीसेक वेळा म्हटलं होतं. त्या वेळी मिळालं. मधल्या दोन वर्षांत माझं काम फार बदललं नव्हतं, बॉसही तोच होता. वाक्य तोंडात बसलं होतं, एवढंच. ही संधी मला सतरा वर्षांत पंधरा वेळा तरी होती आणि मी ती सोडली, याचं वाईट वाटतं. या मुलींनी सोडू नये.

नियम दोनच. कंपनीचं आणि माणसाचं नाव घ्यायचं नाही, या वहीतसुद्धा. आणि कोणी व्याख्यान द्यायचं नाही, मीही नाही. इथे येऊन बोलायचं.

शनिवार, ११ जानेवारी

पहिला सराव. प्रत्येकीला दोन मिनिटं, प्रश्न एकच: गेल्या वर्षी तू काय केलंस? मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि लगेच सगळ्यांनी मिळून ऐकलं.

एका डेव्हलपरचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलंय (मायग्रेशन म्हणजे सगळा डेटा जुन्या जागेवरून नव्या जागी हलवणं): "मग ते डेटाबेसचं मायग्रेशन झालं, त्यात जरा त्रास झाला, पण झालं शेवटी वेळेत."

मी विचारलं, कोणी केलं?

"मीच. म्हणजे टीम होतीच."

टीममध्ये किती जण?

"एक इंटर्न."

यानंतर आम्ही सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली, या वेळी फक्त क्रियापदांकडे कान देऊन. 'झालं', 'होऊन गेलं', 'करून घेतलं', 'आम्ही केलं', 'आपण ते केलं होतं ना'. 'मी केलं' हे शब्द नऊ जणींच्या अठरा मिनिटांत एका हाताच्या बोटांवर मोजावे इतके कमी. आपल्या भाषेत कर्त्याला बाजूला ठेवून वाक्य अगदी सहज उभं राहतं. दूध उतू जातं, पाऊस पडतो, तसंच मायग्रेशनही होतं. घरात स्वयंपाक 'झाला' असं म्हणतो, 'मी केला' असं कोणी सांगत बसत नाही. ही सवय इतकी जुनी आहे की ऐकू येत नाही. आज रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आली तेव्हा खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही.

टेस्टिंगमधल्या एकीने विचारलं की ऑफिसात तर इंग्रजीच बोलायचंय, मग मराठीत सराव कशाला? मला वाटतं कर्ता भाषांतराच्या आधीच गळून पडतो. मनात 'झालं' असेल तर इंग्रजीतही 'गॉट डन'च येणार. आधी इथे दुरुस्त करू.

घरचा अभ्यास: पाच वाक्यं. प्रत्येकात 'मी', एक क्रियापद आणि एक आकडा. दुसऱ्याचं श्रेय पुसायचं नाही, पण त्याचं वाक्य वेगळं. "मायग्रेशन मी केलं. चाचण्या इंटर्नने लिहिल्या."

शनिवार, १८ जानेवारी

संक्रांतीची हळदीकुंकवं चालू आहेत, चौघीच आल्या. बसून चिठ्ठ्या तयार केल्या. मॅनेजर किंवा एचआर खरोखर जे बोलतात तेवढंच लिहायचं असं ठरलं. बजेट नाहीये. सगळ्यांना तेवढंच मिळालंय. पुढच्या सायकलला (म्हणजे पगारवाढीच्या पुढच्या फेरीला) बघू. तू तर टीमचा कणा आहेस. माझ्या हातात असतं तर दिलं असतं. कॅलिब्रेशनमध्ये (सगळ्यांची रेटिंग एकत्र ठेवून जुळवतात त्यात) रेटिंग खाली आलं. तुला आत्ता पैशांची काय घाई, घरी दोघं कमावता ना?

शेवटची चिठ्ठी तिघींनी स्वतंत्रपणे लिहिली होती.

शनिवार, २५ जानेवारी

तीन खुर्च्या. एक मागणारी, एक मॅनेजर, एक नुसती ऐकून शब्द टिपणारी. मॅनेजर चिठ्ठी उचलते आणि तेच उत्तर देते.

मागणं कोणालाच फारसं जड गेलं नाही. जड गेलं ते मागितल्यानंतरचं. आकडा सांगून झाला की समोरची गप्प राहते, आणि त्या शांततेत आपणच स्वतःचा भाव पाडायला लागतो. "म्हणजे, थोडं कमी असलं तरी चालेल." "बघा, जमत असेल तर." डेटावाली पाच सेकंदांच्या आत स्वतःहून दीड लाखाने खाली आली. समोरच्या खुर्चीतल्या मैत्रिणीने तोपर्यंत एक शब्दही काढला नव्हता.

स्टॉपवॉच लावून दहा सेकंद गप्प बसायचा सराव केला. दहा सेकंद फार लांब असतात. शेवटी सपोर्टवालीने आकडा सांगितला, पाण्याची बाटली उघडली आणि शांतपणे घोट घेतला. तोंड कामात, हात कामात, नजर समोर. ही युक्ती सगळ्यांनी उचलली. पुढच्या वेळेपासून प्रत्येकीने बाटली आणायची.

कोणीतरी म्हणालं, मंडईत आपण किती बिनधास्त भाव करतो, मग इथेच काय होतं? मला ही तुलना अर्धीच पटते. मंडईत शेजारी दुसरा गाळा असतो आणि भाजीवाल्यालाही ते माहीत असतं. वाटाघाटीच्या अभ्यासात याला 'बॅटना' म्हणतात: बोलणं फिसकटलं तर आपल्याकडे सगळ्यात चांगला दुसरा पर्याय कोणता? ९० दिवसांचा नोटीस पीरियड असलेल्या बाईचा दुसरा गाळा तीन महिने लांब असतो. म्हणून तो आधी शोधून ठेवायचा. नोकरी सोडायची नसली तरी वर्षातून एक-दोन मुलाखती द्यायच्या. त्यातून आपला भाव कळतो आणि आवाजही बदलतो.

शनिवार, १ फेब्रुवारी

आज अर्थसंकल्प. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, हे ऐकून सगळ्या खुशीत आल्या होत्या. त्याच ओघात पगाराचा कागद काढला, कारण कशाबद्दल बोलतोय तेच कळलं नाही तर ठामपणाचा काय उपयोग?

डेटावालीला नव्या ठिकाणची ऑफर येऊ घातलीय, सीटीसी, म्हणजे तिच्यावर कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च, १४ लाख. फळ्यावर फोड केली. मूळ पगार ४० टक्के, म्हणजे ५,६०,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्याच्या १२ टक्के, ६७,२००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, २६,९३६. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून मिळणारा भाग, १० टक्के, १,४०,०००. हे सगळं वजा जाता उरले ११,६५,८६४, म्हणजे महिन्याला साधारण ९७ हजार. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ ५,६०० जाणार, मग व्यवसाय कर, मग आयकर. ग्रॅच्युइटी सलग पाच वर्षं नोकरी झाल्याशिवाय सहसा हाती पडत नाही आणि व्हेरिएबल पूर्ण मिळेलच याची हमी नाही. १४ लाख ऐकून मनात जो महिन्याचा आकडा उभा राहतो, तो कागदावर कुठेच नव्हता.

म्हणून बोलणी 'फिक्स्ड'वर, म्हणजे पगाराच्या ठरलेल्या भागावर करायची. सीटीसी वाढवून मागितला तर वाढ व्हेरिएबलमध्ये घालून देता येते. तिचं वाक्य ठरलं: "व्हेरिएबल सोडून फिक्स्ड किती, त्यावर बोलूया."

दुसरा हिशेब पहिल्या नोकरीवाल्यांसाठी. दोघं एकाच दिवशी लागले, एकाचा पगार वर्षाला ५० हजारांनी जास्त. दोघांनाही दरवर्षी ८ टक्केच वाढ. दहा वर्षांत दोघांच्या कमाईतला एकूण फरक जवळजवळ सव्वासात लाख. पहिल्या ऑफरच्या वेळी न बोललेल्या एका वाक्याची ही किंमत. फळ्यावरचा तो आकडा दोघींनी फोटो काढून नेला.

आणि तो प्रश्न, सध्याचा सीटीसी किती? मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्नियात २०१८ पासून नोकरी देणाऱ्याला जुना पगार विचारायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे पगाराच्या पावत्याच मागतात. खोटं सांगायचं नाही. पण उत्तर देण्याआधी एक प्रश्न करता येतो: "या पदासाठी तुमचा पगारपट्टा काय ठरलाय, ते आधी सांगाल का?" आज हे वाक्य प्रत्येकीकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. सहाव्या-सातव्या वेळी त्यातला विनवणीचा सूर जातो. ते कानाला स्पष्ट कळतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

विषय पगाराचा नव्हता, केकचा होता. वाढदिवसाचा केक, फेअरवेलची वर्गणी, मीटिंगचे मिनिट्स, नव्या मुलीला सगळं समजावून देणं. नऊपैकी आठ जणी आपापल्या टीममध्ये हे करतात.

लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्डे, लिझ वेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट या संशोधकांचा २०१७ मधला प्रयोग सांगितला. तिघातिघांचे गट, समोर संगणक, दोन मिनिटं. कोणीतरी एकाने बटण दाबलं तर तिघांचाही फायदा, पण दाबणाऱ्याला इतरांपेक्षा कमी पैसे. स्त्रिया पुरुषांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त वेळा पुढे आल्या. पण गटात सगळ्या स्त्रियाच किंवा सगळे पुरुषच असले की हा फरक राहिला नाही. पुरुषांच्या गटातही कोणीतरी बटण दाबतंच. याचा अर्थ स्वभाव उपजत तसा असतो असं नाही. बायका असल्या की त्या करतील, हे खोलीतल्या सगळ्यांनी धरून चाललेलं असतं, बायकांनीसुद्धा.

सरळ नकार द्यायला कोणी तयार नव्हतं आणि मीही आग्रह धरला नाही. पाळी लावणारं वाक्य बसवलं: "आजचे मिनिट्स मी लिहितेय. पुढच्या आठवड्यात कोण लिहिणार, ते आत्ताच ठरवूया." यात तक्रार नाही आणि माघारही नाही.

नंतरची भर: सोमवारी रात्री एकीचा मेसेज आला, पुढच्या आठवड्याचे मिनिट्स लिहायला टीममधला एक मुलगा तयार झाला. तिने विचारल्यावर तो लगेच हो म्हणाला. इतकी वर्षं त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

ही नोंद लिहायला जड जातंय.

सपोर्टवालीला मी एक वाक्य दिलं होतं, "माझ्या कामाचा बाजारभाव इतका आहे." आकडा एका वेबसाइटवरून मीच काढून दिला. बुधवारी ती बोलली. ठाम बोलली, आकडा सांगून गप्पही राहिली. मॅनेजरने विचारलं, हा आकडा कोणत्या लेव्हलचा? तो तिच्या वरच्या लेव्हलचा होता. मी नीट बघितलं नव्हतं. तिला उत्तर देता आलं नाही आणि मीटिंग चार मिनिटांत संपली. आज ती आली, पण खुर्चीत बसायला तयार नव्हती.

चूक माझी. मी तिला सगळ्यांसमोर तसं सांगितलं. धीराचं बोलणं शिकवण्याच्या नादात मी तिच्या हाती कच्चा पुरावा देऊन तिला पुढे पाठवलं. तिचा आवाज कुठेच कमी पडला नव्हता.

यापुढे आकडा जिचा तिने शोधायचा आणि कमीत कमी तीन जिवंत माणसांकडून पडताळायचा, त्याच पदावरच्या, त्याच वर्षांच्या अनुभवाच्या. त्यातला एक तरी पुरुष हवा. इथे खरी अडचण सुरू झाली. पगार विचारायचा नसतो, सांगायचा नसतो, हे आपल्याकडे घराघरातून शिकवलेलं. बायका फक्त बायकांना विचारतात, आणि सगळ्यांनाच कमी मिळत असेल तर तो कमी आकडाच बाजारभाव वाटायला लागतो. मग पुरुष सहकाऱ्याला विचारायचं वाक्य बसवलं: "नेमका आकडा नको सांगू. मी अमुक मागणार आहे, ते कमी वाटतंय की जास्त, एवढंच सांग." असं विचारलं की समोरच्याला संकोच वाटत नाही आणि बहुतेक जण नेमका आकडाही सांगून टाकतात.

सपोर्टवाली शेवटच्या वीस मिनिटांत खुर्चीत बसली.

शनिवार, १ मार्च

आज वाद झाला आणि तो मिटला नाही.

हॅना रायली बोल्स आणि बॅबकॉक यांच्या संशोधनात एक गोष्ट वारंवार दिसते. पगार वाढवून मागणारी स्त्री लोकांना खटकते, तिच्याबरोबर काम करायची इच्छा कमी होते. पुरुषाला तो भुर्दंड तेवढा बसत नाही. कीरन स्नायडर यांनी २०१४ मध्ये टेक कंपन्यांमधल्या कर्मचाऱ्यांची २४८ मूल्यमापनं वाचली. 'अब्रेसिव्ह', म्हणजे खरखरीत, बोचरी, हा शब्द फक्त स्त्रियांच्या कागदांवर सापडला, पुरुषांच्या एकाही नाही. बोल्स यांचा यावरचा उपाय असा की मागणी टीमच्या भल्याशी जोडून मांडावी, म्हणजे खटकणं कमी होतं.

प्रॉडक्टवाली उसळली. "म्हणजे परत गोडच बोलायचं? माझ्या हक्काचं मागताना टीमचं भलं कशाला सांगू? तो सांगतो का?" टेस्टिंगमधली ताई म्हणाली, "मला आत्ता ईएमआय भरायचाय. जे चालतं ते बोलेन. जग नंतर बदलू." दोघींचंही खरं आहे. मी दोन्ही प्रकारची वाक्यं सरावात ठेवली. कोणतं वापरायचं ते जिने तिने ठरवायचं, कारण परिणाम तिला भोगायचाय.

माझं मत मात्र इथे लिहून ठेवते. बायकांना मागता येत नाही म्हणून पगार कमी, ही मांडणी आता मला मान्य नाही. बॅबकॉक यांच्या जुन्या पाहणीत पहिल्या नोकरीच्या वेळी ५७ टक्के पुरुषांनी आणि फक्त ७ टक्के स्त्रियांनी वाटाघाट केली होती. पण लॉरा क्रे आणि सहकाऱ्यांच्या अलीकडच्या अभ्यासात एमबीए झालेल्या ५४ टक्के स्त्रियांनी वाटाघाट केल्याचं सांगितलं, पुरुष ४४ टक्के. बायका मागतात. त्यांना नकार जास्त मिळतो. कंपन्यांनी पगारपट्टे उघड केले तर आमची निम्मी चिठ्ठ्यांची पेटी रिकामी होईल. ते होईपर्यंत सराव करायचा, पण दोष स्वतःवर घ्यायचा नाही.

शनिवार, ८ मार्च

महिला दिन शनिवारी आल्यामुळे ऑफिसांतले कार्यक्रम कालच उरकले. आज वेगळं काही केलं नाही.

उद्या अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे जाणार. आमच्या एका डेव्हलपरची रोजची रात्री साडेआठची मीटिंग सोमवारपासून साडेसातला येईल. साडेसात म्हणजे मुलाचा अभ्यास आणि कुकरची वेळ. दरवर्षी ती मुकाट्याने जुळवून घेते. या वेळी तिने पर्याय घेऊन जायचं ठरवलं: आठवड्यातून दोन दिवस तिकडच्या सकाळी ८ वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. 'मला जमत नाही' हे वाक्य काढून टाकलं. त्याऐवजी: "सध्या पाचही दिवस भारतातली टीम घरच्या वेळेत थांबते. दोन दिवस वेळ बदलावी असं मी सुचवते."

रात्रपाळीवालीला एक माहिती नव्हती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामाला बोलवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या वाहनाची सोय करावी लागते. तिची कॅब दोन महिन्यांपूर्वी बंद झालीय आणि ती स्वतःची गाडी घेऊन रात्री एकला घरी येते. तिला कोणीतरी विनंती करायला सांगितलं होतं. आम्ही ते पत्र विनंतीच्या भाषेतून काढून कायद्याची आठवण करून देणाऱ्या भाषेत लिहिलं.

शनिवार, २२ मार्च

आजचा जवळजवळ सगळा वेळ रजेवरून परतलेलीसाठी दिला. तिला रेटिंग खालचं मिळालंय. तोंडी कारण असं की "वर्षातले सहा महिने तू नव्हतीसच".

२०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मूळ १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातलं आणखी एक कलम कमी जणींना माहीत असतं: या रजेच्या काळात किंवा रजेमुळे तिला काढता येत नाही, आणि तिच्या सेवेच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. रेटिंग त्यात बसतं की नाही हा वकिलाचा प्रश्न. पण तिने कायद्याचा कागद पुढे न करता एकच प्रश्न विचारावा असं ठरलं: "मी हजर असलेल्या महिन्यांतल्या कामाचं मूल्यमापन कोणत्या निकषांवर झालं, ते लेखी मिळेल का?"

ती हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना रडली. दुसऱ्यांदाही. आम्ही थांबलो, चहा प्यायलो, कोणी समजूत घातली नाही. पाचव्या वेळी तिने वाक्य पूर्ण केलं, बाटली उचलली आणि समोर बघत पाणी प्यायली.

शनिवार, १२ एप्रिल

पगारवाढीची पत्रं आली आहेत. जसं आहे तसं लिहिते.

डेटावालीने फिक्स्डमध्ये दीड लाख वाढवून मागितले. ८० हजार मिळाले, शिवाय नोटीसमधल्या ३० दिवसांचे पैसे नवी कंपनी भरणार. मीटिंगची वेळ दोन दिवस बदलली. सपोर्टवालीची कॅब सुरू झाली, पगारवाढ नाही. दोघींना 'पुढच्या सायकलला बघू' असंच उत्तर मिळालं. त्यातल्या एकीने त्याच संध्याकाळी "आजच्या बोलण्याप्रमाणे ऑक्टोबरात पुन्हा आढावा घेऊ" असा मेल टाकला आणि त्याला मॅनेजरचा होकार आला. प्रॉडक्टवालीने टीमचं भलं वगैरे न सांगता सरळ मागितलं. मिळालं. पण तेव्हापासून बॉस तिच्याशी कामापुरतंच बोलतो. ती म्हणते, चालेल. मला तिची काळजी वाटते. एक डेव्हलपर मार्चपासून येत नाही, फोनही उचलत नाही. पुढच्या आठवड्यात घरी जाऊन येईन.

रजेवरून परतलेलीचं रेटिंग बदललं नाही. निकष लेखी मिळाले. त्यात रजेचा उल्लेख नाही आणि तोंडी सांगितलेलं कारणही नाही. तो कागद तिने जपून ठेवलाय आणि वकिलाची वेळ घेतलीय.

मायग्रेशनवालीने जानेवारीतला दोन मिनिटांचा प्रश्न आज पुन्हा घेतला. चाळीस सेकंदांत संपवलं.

१९ तारखेला क्लब हाउस वाढदिवसाला दिलंय. गच्चीवर बसू. नव्या चौघी येणार आहेत. चिठ्ठ्या जुन्या झाल्यात, येताना प्रत्येकीने या महिन्यात ऐकलेलं एक उत्तर लिहून आणायचं.